पुढे ढकललेली शस्त्रक्रिया आणि मधला काळ

(रुग्णालय प्रशासकांच्या लेखणीतून)

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या दरवर्षी छापली जाते. बाह्यरुग्ण किती आले, आंतररुग्ण किती झाले, किती रुग्णांना सवलत दिली, या सर्वांचे तक्ते सन्माननीय विश्वस्त व देणगीदार काळजीपूर्वक पाहतात, हे आम्हांस ठाऊक आहे. एक संख्या मात्र या तक्त्यांत कधीही आलेली नाही. ज्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, रुग्ण दाखल झाला, नातेवाईक गावाहून आले, आणि शस्त्रक्रिया त्या दिवशी झालीच नाही, तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. न झालेल्या व्यवहाराला खतावणीत खाते नसते, हे मला महाविद्यालयातच शिकविले गेले. परंतु रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर ध्यानात आले, की न झालेल्या शस्त्रक्रियेचाही खर्च पडतो. तो आमच्या वहीत न पडता रुग्णाच्या घरी पडतो, एवढाच फरक.

यंदाच्या अहवालात या विषयावर लिहावे असे ठरविले, त्यास निमित्त सांधेरोपणाचे आहे. गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची ही शस्त्रक्रिया आता सोलापुरातील सामान्य कुटुंबांनाही अपरिचित राहिलेली नाही. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचे रोपण ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले, आणि उजव्या गुडघ्याचे जून २००१ मध्ये. त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलेल्या वृत्तांमुळे ‘गुडघा बदलता येतो’ ही गोष्ट घरोघर पोहोचली. दोन्ही गुडघ्यांमध्ये आठ महिन्यांचे अंतर होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. मी ती रुग्णांच्या नातेवाइकांना आवर्जून सांगतो.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. घसरून पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले असेल, तर ती शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर, साधारणतः एक-दोन दिवसांत व्हावी लागते. वृद्ध रुग्ण अंथरुणाला खिळून राहिला तर फुप्फुसे, मूत्रमार्ग व त्वचा यांचे विकार त्याला गाठतात. झिजेमुळे करावयाचे सांधेरोपण तसे नाही. ते ठरवून, तयारीने करावयाचे असते. म्हणूनच काही अडचण आली की पहिली तारीख त्याचीच पुढे जाते. वैद्यकीय दृष्ट्या हे योग्यच आहे. परंतु ज्याचा गुडघा रात्री ठणकतो, त्याला ‘तातडीची नाही’ हा शब्द कसा लागतो, याचा विचार आमच्यासारख्या कार्यालयात बसणाऱ्यांनी फारसा केलेला नसतो.

अक्का

आमच्याकडे एक विडी कामगार भगिनी येत असत. पूर्व भागातील तेलुगुभाषक कुटुंब, घरी पूर्वी माग होता. त्यांना सर्वजण अक्का म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हणतो. वयाची चाळीस वर्षे त्यांनी मांडीवर सूप घेऊन, जमिनीवर बसून विड्या वळल्या होत्या. पाने भिजविणे, कातरणे, वळणे, दोरा बांधणे, आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन कारखान्यात जाणे, हा क्रम. साठीच्या आत दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूस वाकले. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. एका देणगीदार कुटुंबाने कृत्रिम सांध्याचा खर्च उचलला, मुलाने उरलेली अनामत भरली, पुण्याला दिलेली मुलगी रजा घेऊन आली.

दाखल झाल्यावर केलेल्या तपासणीत मागील तीन महिन्यांची सरासरी साखर फार वाढलेली निघाली. भूलतज्ज्ञ व अस्थिरोगतज्ज्ञ या दोघांनीही थांबण्याचा निर्णय घेतला. खिडकीवर त्यांच्या मुलास सांगण्यात आले : “शुगर वाढली आहे, तीन महिन्यांनी या.” निर्णय बरोबर होता. सांगितलेले वाक्यही खोटे नव्हते. परंतु त्या तीन महिन्यांत काय करावे व काय करू नये, हे कोणीही सांगितले नाही. केसपेपरवर पुढची तारीखसुद्धा लिहिलेली नव्हती. ते मी नंतर स्वतः पाहिले.

दुसऱ्या महिन्यात वेदना असह्य झाल्या. शेजारच्या एका बाईंना गुडघ्यात इंजेक्शन घेऊन आराम पडला होता. अक्कांनीही कोठेतरी जाऊन तसेच इंजेक्शन घेतले. आराम पडला. गोड बंद केलेले, गोळ्या वेळेवर घेतलेल्या. तिसऱ्या महिन्यात साखर उत्तम आली. मुलगी पुन्हा पुण्याहून आली. आणि तपासताना डॉक्टरांनी सहज विचारले, “मध्ये काही सुई वगैरे घेतली होती का?”

सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर किमान तीन महिने सांधेरोपण करू नये, असा अस्थिरोगतज्ज्ञांचा दंडक आहे, कारण त्या काळात केलेल्या रोपणात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तारीख पुन्हा पुढे गेली. अक्का काही बोलल्या नाहीत. मुलगा माझ्या खोलीत आला आणि उभ्यानेच म्हणाला, “साहेब, सुई घेऊ नका, एवढं एका माणसानं सांगितलं असतं तर आईनं घेतली नसती.”

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. साखर वाढण्यास रुग्णालय जबाबदार नव्हते. परंतु दुसऱ्यांदा गेलेले तीन महिने आमच्या खात्यावर लिहावयास हवेत.

तारीख का बदलते

देणगीदारांकडून कधी कधी असे विचारले जाते, की शस्त्रक्रियागृह सज्ज आहे, डॉक्टर आहेत, निधीही आहे, मग रुग्ण परत का पाठविला? याचे मुख्य उत्तर एकाच शब्दात आहे : जंतुसंसर्ग.

आधुनिक खुबारोपणाचे जनक इंग्लंडचे सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली आपला धातू व प्लॅस्टिक यांचा सांधा यशस्वी करून दाखविला. सांधा उत्तम चालत होता. तरीही आरंभीच्या काळात त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे सात टक्के रुग्णांच्या सांध्यात पू झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे चार्नलींनी सांध्यापेक्षा हवेवर खर्च केली. गाळलेल्या शुद्ध हवेची बंदिस्त खोली, शल्यविशारदांचा संपूर्ण शरीर झाकणारा पोशाख, असे एकेक उपाय करीत त्यांनी हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले. आजही उत्तम केंद्रांत हे प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या आत असते. आकडा लहान वाटतो. पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला बसविलेला सांधा बहुधा काढावा लागतो, कित्येक आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात, पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. खर्च पहिल्यापेक्षा अधिक आणि हालचाल पहिल्यापेक्षा कमी. आपल्या शरीरातील पेशी जंतूंशी लढतात; धातूच्या पृष्ठभागावर चिकटून बसलेल्या जंतूंपर्यंत त्यांचा व औषधांचा हात पोहोचत नाही. म्हणून शरीरात अन्यत्र कोठेही जंतूंचा अड्डा असता कामा नये.

किडलेला व पू धरलेला दात, तळपायाच्या चिघळलेल्या भेगा, बोटांच्या बेचक्यातील चिखल्या, लघवीची जळजळ व ताप, सर्दी-खोकला, मांडीवरचा एखादा फोड, यांपैकी काहीही तारीख बदलण्यास पुरेसे असते. “गुडघ्याचे ऑपरेशन आहे, दाताचा काय संबंध?” हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. संबंध रक्ताचा आहे. दातातील जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत जातात. आपल्याकडे अनवाणी चालण्याची व भेगांकडे दुर्लक्ष करण्याची सवय असल्याने तळपाय हे तर नेहमीचे कारण.

मधुमेहाबाबत थोडे अधिक लिहितो, कारण तीन महिन्यांचा हिशेब नातेवाइकांना कळत नाही. सकाळी उपाशीपोटी घेतलेली साखर त्या सकाळची असते. चार दिवस पथ्य केले तर ती उतरते. ‘एचबीएवनसी’ नावाची तपासणी रक्तातील तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा गोषवारा देते. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिली ती रोजची हातशिल्लक आणि दुसरा तो तिमाही ताळेबंद. हातशिल्लक एका दिवसात नीट करता येते, ताळेबंदास तीन महिने लागतात. वाढलेली साखर जखम भरू देत नाही व जंतूंना पोसते. साधारणतः हा आकडा साडेसात-आठच्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर थांबतात. तसेच रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी वाढविणे हिताचे असते, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर बाहेरचे रक्त देण्याची वेळ येते. हृदयाच्या तपासणीत काही शंका आल्यास त्याचेही आधी पाहावे लागते.

रुग्णालयाच्या बाजूनेही कारणे असतात, ती लपविण्यात अर्थ नाही. हव्या त्या मापाचा सांधा पुरवठादाराकडून वेळेवर न येणे, अपघाताचे रुग्ण एकाच रात्री आल्याने शस्त्रक्रियागृह अडकणे, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात बिघाड होणे, असे सर्व प्रकार घडतात. कुटुंबेही तारीख बदलून मागतात. सुगी, घरचे लग्न, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. ज्वारीची काढणी सुरू असताना उत्तर सोलापूर वा मंगळवेढ्याकडील शेतकरी कुटुंबास दाखल होण्यास सांगणे व्यर्थ आहे, हे आम्ही आता शिकलो आहोत.

आणि एकदा तर साऱ्या जगाचीच तारीख पुढे गेली. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना दिली. एप्रिलमध्ये सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. मे महिन्यात राज्य शासनाने खाजगी व धर्मादाय रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर व वाटप आपल्या नियंत्रणाखाली घेतले. संसर्गाच्या ऐन भरातील बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील वा लांबतील, असा अंदाज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात त्याच वर्षी मांडला गेला. त्या आषाढीस, १ जुलै २०२० रोजी, संतांच्या पादुकादेखील एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या. पायी वारी झाली नाही. जिल्ह्यातील कित्येक वृद्धांचे गुडघे त्या वर्षी आणि पुन्हा २०२१ च्या दुसऱ्या लाटेतही थांबून राहिले. त्या काळात आम्ही एक गोष्ट पाहिली. ज्या घरांत घरगुती व्यायाम चालू राहिला व वजन आटोक्यात राहिले, ते रुग्ण उशिरा शस्त्रक्रिया होऊनही लवकर चालू लागले. जे पलंगावरून उठलेच नाहीत, त्यांच्या मांडीचे स्नायू इतके वाळले होते, की नवा सांधा बसूनही पाय उचलण्यास त्यांना महिने लागले.

मधल्या काळात घरी काय करावे

काही महिने थांबल्याने शस्त्रक्रियेचा लाभ सहसा कमी होत नाही, हे प्रथम मनात पक्के करावे. सांधा आधीच झिजलेला आहे. तो बदलावयाचाच आहे. जपावयाचे आहेत ते भोवतालचे स्नायू, सांध्याचा सरळपणा आणि सर्वसाधारण प्रकृती. पुढील मजकूर आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांशी व फिजिओथेरपी विभागाशी बोलून लिहिला आहे; तरी ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम समजावा.

सर्वांत अधिक होणारी चूक उशीची आहे. गुडघा दुखतो म्हणून त्याखाली उशी घेऊन झोपल्यास बरे वाटते, आणि प्रेमळ सुना-मुली ती रोज रात्री आवर्जून ठेवतात. त्यामुळे गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो व पुढे सरळच होत नाही. उशी गुडघ्याखाली ठेवू नये. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा मोकळा सोडावा, म्हणजे तो आपल्या वजनाने सरळ होतो. ही सूचना लहान आहे, पण शस्त्रक्रियेनंतर पाय सरळ राहणे पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते.

व्यायाम दोनच सांगतो, कारण दहा सांगितले की एकही होत नाही. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची लहान गुंडाळी घेऊन ती गुडघ्याने खाली दाबावी, मांडीचा स्नायू ताठ करून पाच ते दहा सेकंद धरावे व सोडावे. दुसरा, उताणे झोपून एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली ठेवावा. प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी फिजिओथेरपी विभाग हे प्रत्यक्ष करवून घेतो.

काठीविषयी बोलले की बहुतेक पुरुषमंडळी नाराज होतात. काठी ही म्हातारपणाची खूण नव्हे, वजन वाटून घेणारा तिसरा पाय आहे. आणि ती दुखऱ्या पायाच्या बाजूस न धरता विरुद्ध हातात धरावयाची असते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. उंची मनगटाच्या घडीइतकी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आमच्या वऱ्हांड्यात मी रोज निम्म्याहून अधिक रुग्ण काठी चुकीच्या हातात धरून येताना पाहतो, आणि मला डॉक्टर नसूनही मध्ये बोलण्याचा मोह आवरत नाही.

वजन हा नाजूक विषय आहे. गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणजे तीन महिन्यांत तीन किलो उतरले तरी गुडघ्याच्या दृष्टीने ते बारा किलो होतात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे व बटाटे यांनी ते परत येतात, हेही सांगितले पाहिजे. आपल्या शहरात पाणी वर्षानुवर्षे रोज आलेले नाही. पाणी येईल त्या दिवशी घागरी-बादल्या भरून वाहण्याचे काम घरातील वयस्क स्त्रीकडेच असते. निदान या काळात ते दुसऱ्या कोणी उचलावे. जमिनीवर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे टाळावे. देशी संडासावर ठेवण्याची कमोडची खुर्ची ही या मधल्या काळातील सर्वांत उपयुक्त खरेदी होय. ती शस्त्रक्रियेनंतरही लागतेच, म्हणून पैसा वाया जात नाही.

वेदनेच्या गोळ्यांबाबत सावध राहावे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. परंतु औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब वाढतो, पोटात व्रण होतात. आणि मग त्याच कारणाने शस्त्रक्रिया पुन्हा लांबते. ‘गुडघेदुखीची पुडी’ म्हणून कागदात बांधून मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या औषधांत स्टेरॉइड असू शकते. ते साखर चढविते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, आणि सांध्यात कोणतेही इंजेक्शन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. तंबाखू व मिश्री किमान चार ते सहा आठवडे आधी सोडावी. निकोटिनमुळे जखमेपर्यंत रक्त कमी पोहोचते. मिश्री ही तंबाखूच आहे, हे कित्येक भगिनींना मान्य नसते.

ज्या वेळी थांबावयाचे नाही ती लक्षणेही ठाऊक असावीत. सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला व ताप आला. पडल्यानंतर पायावर भार देता येईना. पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला. दोन्ही पायांत बधिरता येऊन लघवीवरचा ताबा सुटला. तर तारखेची वाट न पाहता तत्काळ यावे.

शेवटी मनाविषयी. तारीख ठरताना कुटुंब एक प्रकारची बांधाबांध करते. रजा, उसनवारी, घरकामाची वाटणी. तारीख गेली की सर्व सैल होते आणि रुग्णास वाटते, आपल्यामुळे सर्वांना त्रास. कित्येकजण पुन्हा येतच नाहीत, ते याच संकोचाने. “आता राहू दे, चालतंय तसं चालू दे,” असे आई म्हणाली तर मुलांनी ते शब्दशः घेऊ नये.

पैशाविषयी

तारीख पुढे गेली म्हणजे रुग्णालयास अधिक पैसे हवे आहेत, असा संशय काहींच्या मनात येतो. तो येण्यास जागा नसावी म्हणून हे लिहितो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वसाधारण वापरातील कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत, जी पूर्वी सरासरी १,५८,३२४ रुपये छापली जात असे, ती कर वगळता ५४,७२० रुपयांवर आली. त्यानंतर किमतींत वेळोवेळी फेरफार झाले, परंतु नियंत्रण राहिले. रुग्णाने बिलात सांध्याची किंमत, कंपनीचे नाव व तुकडीचा क्रमांक वेगळा पाहावा, आणि वेष्टनावरील चिकटपट्टी केसपेपरवर लावून घ्यावी. थांबल्याने सांधा महाग होईल, या भीतीने घाई करण्याचे कारण नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयातून आलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या योजनेखाली नाव नोंदविलेल्या रुग्णाची तारीख पुढे गेली तर त्याचा हक्क जात नाही. एक गोष्ट मात्र पाहावी लागते : तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते. जानेवारीची शस्त्रक्रिया एप्रिलवर गेली की दाखला जुना होतो आणि ऐन दाखल होण्याच्या दिवशी कुटुंबास तहसील कचेरीत धावावे लागते. त्यामुळे पुन्हा तारीख गेल्याची उदाहरणे आहेत.

अक्कांच्या मुलाशी झालेल्या त्या भेटीनंतर आम्ही एक साधी वही सुरू केली. शस्त्रक्रिया पुढे गेली की कारण, पुढची तारीख, मधल्या काळातील सूचना व दाखल्याची मुदत हे त्यात लिहिले जाते आणि त्याची प्रत रुग्णास दिली जाते, मराठीत व गरजेप्रमाणे तेलुगु व कन्नडमध्येही. परिचारिका दर महिन्यास एकदा दूरध्वनी करून विचारते. वही काढण्यास एका शाई-कागदापलीकडे खर्च आला नाही. इतकी वर्षे ती का निघाली नाही, याचे कारण देणे मला कठीण आहे.

अक्कांचा उजवा गुडघा तिसऱ्या तारखेस बसला. त्यांना कोजागरीस सोलापुराहून तुळजापूरपर्यंत पायी जावयाचे होते, जसे त्या तरुणपणी जात. डॉक्टरांनी त्या वर्षी नको म्हणून सांगितले. त्या एस.टी.ने गेल्या, देवळाच्या पायऱ्या कठडा धरून उतरल्या, आणि परत आल्यावर आमच्या खिडकीवर प्रसादाची पुडी ठेवून गेल्या. डावा गुडघा अद्याप व्हावयाचा आहे.

देणगीदारांसाठी एक खुलासा. यंदाच्या ताळेबंदासोबतच्या परिशिष्टात, सांधेरोपणासाठी निर्धारित केलेल्या निधीसमोर ‘पुढे ओढलेली शिल्लक’ असा आकडा दिसेल. ही रक्कम अखर्चित म्हणून अन्यत्र वळविलेली नाही. ज्या रुग्णांसाठी ती मिळाली, त्यांची तारीख पुढे गेली आहे, एवढाच तिचा अर्थ. आपण दिलेल्या देणगीतील रुग्ण कोणत्या कारणाने थांबला आहे, हे जाणून घ्यावयाचे असल्यास कार्यालयीन वेळेत अवश्य यावे. रुग्णाचे नाव सांगता येणार नाही. कारण आणि पुढची तारीख वहीत पाहून सांगता येईल.